मेढ्याच्या गाडीतलं पोरगं

आमच्या आळीत निवृत्त माणसं पुष्कळ. कोणी तलाठी होता, कोणी पोस्टात, एकजण पाटबंधारे खात्यात. संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर बसलं की प्रत्येकाला आपापल्या खात्याच्या चार गोष्टी सांगता येतात. माझी पाळी आली की पंचाईत होते. मी रिमांड होममध्ये होतो म्हटलं की ऐकणारा जरा सरकून बसतो. एका नव्या शेजाऱ्यानं तर हळूच विचारलं होतं, "किती वर्षांची झाली होती?" त्याला वाटलं मी आत होतो.

एका अर्थी होतोच. साठ सालानंतर लगेचच मी साताऱ्यात प्रोबेशन ऑफिसर म्हणून लागलो. पुढं सांगलीला बदली झाली, तिथंच निवृत्त झालो. पण हाताला वळण लागलं ते साताऱ्यात. त्या काळी गावातले लोक आमच्या इमारतीला 'पोरांचा तुरुंग' म्हणत. आया हट्टी पोरांना आमच्या फाटकाकडं बोट दाखवून गप्प करत. तो तुरुंग नव्हता. घरातून पळालेली, हरवलेली, कोणी टाकून दिलेली, स्टँडवर आणि स्टेशनवर झोपणारी पोरं पोलिसांना सापडली की आमच्याकडं आणत. त्यांना दोन वेळचं जेवण, अंथरूण, अंगावर धड कपडा आणि दिवसा शाळा द्यायची, आणि तोवर त्यांचं घर शोधायचं. घर शोधणं हे माझं काम. गावी जायचं, घर बघायचं, चूल बघायची, शेजाऱ्यांशी आणि गुरुजींशी बोलायचं आणि मग पोरांच्या कोर्टात सांगायचं की याला घरी धाडावं, कुणा नातलगाकडं द्यावं, का सरकारी शाळेत ठेवावं. हे कोर्ट आमच्याच जेवणघराशेजारच्या खोलीत भरे. काळा कोट नाही, पिंजरा नाही; टेबलापलीकडं एक मॅजिस्ट्रेट बाई आणि अलीकडं पोरगं. हवालदारसुद्धा त्या दिवशी साध्या कपड्यात यायचा आणि टोपीवाचून फार ओशाळा दिसायचा.

पळून आलेलं पोरगं पहिल्यांदा खरं नाव सांगत नाही. बाप विचारला तर मिलिटरीत असतो किंवा मेलेला असतो. गाव विचारलं तर मुंबई. नवा होतो तेव्हा मी पोलिसासारखे प्रश्न विचारत बसायचो आणि पोरं मला मनसोक्त फिरवायची. आमच्या स्वयंपाकीण अनसूयाबाई, त्यांना सगळी पोरं मावशी म्हणत. त्या एकदा म्हणाल्या की साहेब, त्याला त्याचं काही विचारू नका, जनावराचं विचारा. ते मी पाठ केलं. शेतातलं पोरगं स्वतःच्या बापाचं नाव खोटं सांगेल, पण बैलाचं नाव खोटं सांगायचं त्याच्या जिवावर येतं. बैल कळला की त्याची शिंगं कळतात, शिंगं कळली की तो कुठल्या बाजारातून आणला ते कळतं, आणि बाजार कळला की गाव काही फार लांब राहत नाही.

सगळीच काही दुःखाची नव्हती. वाईच्या घाटावरचा एक भिक्षुकाचा मुलगा मॅट्रिकला गणितात गचकला आणि निकालाच्या दिवशीच पळाला. तो आमच्याकडं आला तेव्हा शर्टाच्या आत जानव्याला घरच्या कपाटाची किल्ली बांधलेली. त्यानं विचारलेला पहिला प्रश्न, इथं एकादशीला साबुदाणा असतो का? वडील त्याला न्यायला आले ते रागावण्याऐवजी आधी किल्लीच मागायला लागले, कारण तीन दिवस घरातले सगळे एकाच धोतरावर होते. दोघं भांडत भांडत वाईच्या गाडीत बसले. अशा वेळी आमच्या खात्याचा पगार फुकट आहे असं वाटायचं.

पण मला जे सांगायचंय ते बिरूचं.

बिरूला आमच्याकडं आणला तो एस.टी.च्या एका कंडक्टरनं. दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडायला लागली होती. साताऱ्याहून मेढ्याला जाणाऱ्या गाडीत हे तेरा-चौदा वर्षांचं पोरगं बिनतिकिटाचं बसलेलं. कुठं जायचं विचारलं तर म्हणालं, गाडी जाईल तिथं. अंगात मापापेक्षा मोठी बंडी, पायांना भेगा आणि डोक्यावर केस नुकते उगवलेले, हरभऱ्याच्या रोपासारखे. आमच्याकडं आल्यावर ते जेवलं, भांडं घासलं, कोपऱ्यात बसलं आणि एवढंच म्हणालं, "मला मेढ्याच्या गाडीत बसवा."

मेढा म्हणजे जावळीच्या डोंगरातलं तालुक्याचं गाव. भात, नाचणी आणि पाऊस. पण या पोराच्या बोलण्याला पावसाचा थेंब लागलेला नव्हता. मी जनावरांचं काढलं. बैल नव्हता त्यांच्याकडं, मेंढरं होती. एका काळ्या मेंढीचं सांगताना त्याचा चेहराच बदलला. तिचा एक कान कोल्ह्यानं तोडला होता. कोल्हा कुठं आला होता, तळ कुठं होता, पाणी कुठून आणायचे, असं करत करत, जागचं न हलता, दोन दिवसांनी आम्ही आटपाडीच्या बाजूच्या एका गावात पोचलो. माणदेशाचा कोरडा मुलूख. आटपाडी सांगली जिल्ह्यात आणि पोरगं सापडलं साताऱ्यात, म्हणून आमच्या अधीक्षकांच्या मनात त्याला सरळ सांगलीच्या होममध्ये पाठवून मोकळं व्हायचं होतं. तेवढ्यात निरोप पोचून पोराचा चुलता स्वतःच हजर झाला.

सिदू त्याचं नाव. काटक, चाळिशीचा, डोक्याला लाल मुंडासं. पोराला बघून तो उंबऱ्यावरच बसला आणि मुंडाशाच्या सोग्यानं डोळे पुसायला लागला. बाप विहीर खणताना दरड कोसळून गेला, आई पण गेली, आता मीच त्याचा बाप, असं त्यानं सांगितलं. पोराला त्यानं मारलं नाही, दरडावलं नाही. येताना आणलेली गुळाची ढेप त्याच्या हातात दिली. माझ्या डोळ्यांना माणूस खरा दिसला आणि तो होताही खरा. पोरगं मान खाली घालून त्याच्यामागं गेलं. जाताना मात्र स्टँडवर त्यानं मेढ्याच्या फलाटाकडं ज्या नजरेनं बघितलं ती मला घरी गेल्यावर आठवत राहिली.

होळीच्या सुमारास तोच कंडक्टर तेच पोरगं घेऊन पुन्हा आला. पुन्हा मेढ्याचीच गाडी. या वेळी मी अनसूयाबाईंना मध्ये बसवलं. त्यांनी चुलीपुढं त्याला लसूण सोलायला दिला आणि स्वतः भाकरी थापत राहिल्या. मी दाराशी बसलो होतो. दोन गड्डे सोलून झाल्यावर पोरगं लसणाकडं बघतच म्हणालं,

"माझी आई मेली न्हाई. ती मेढ्याला हाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आधी आई लांब कामावर राहिलीय म्हणायचे; मग गेला पावसाळा संपता संपता ती गेली असं चुलत्यानं त्याला सांगितलं. नुसतं सांगितलं नाही. नदीवर नेऊन त्याचं डोकं भादरलं, दहाव्याचं सगळं केलं. पोरगं रडलं आणि मेंढरांमागं जायला लागलं. पुढं एक मेंढका पावसाळ्यानंतर डोंगराच्या अंगाला जाऊन परतला. तळावर विडी ओढता ओढता तो सहज बोलून गेला की मेढ्याच्या बाजारात तुमची हौसा दिसली, कडेवर लेकरू होतं, मला बघून तोंड फिरवून गेली. त्याला काय ठाऊक की पोरगं पलीकडं मेंढीचा पाय धुत बसलंय. त्याच आठवड्यात बिरू निघाला. आईचे दिवस करून डोक्यावरचे केस अजून वाढले नव्हते आणि आई बाजारात भाजी घेत होती. ते पोरगं कसं राहणार घरात?

अधीक्षक म्हणाले, चुलता कायद्यानं पालक आहे, त्याला बोलवा आणि पोरगं ताब्यात द्या. घरातल्या भानगडी आपण उकरायच्या नसतात. निवृत्त हेडमास्तर होते ते, वाईट नव्हते. मी म्हटलं, पोरगं तिसऱ्यांदा येईल आणि चौथ्यांदा कंडक्टर दुसरा असेल. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला आणि मग प्रवासाची परवानगी दिली.

मी आधी आटपाडीला गेलो. दहिवडीवरून गाडी, मग पुढं पायी. बाभळी, खडक आणि वर नुसतं आभाळ. सिदूच्या बायकोनं मला पाण्याच्या आधी आडनाव विचारलं. आम्ही छप्पन साली बौद्ध झालेलो, पण आडनाव काही दीक्षा घेत नाही. तिनं पाणी वरून ओतलं, मी ओंजळीनं प्यालो. प्रोबेशन ऑफिसरला तहान लागायची तशी लागतेच. सिदू मात्र फार अवघडून गेला. घोंगडं आणून त्यानं मला त्यावर बसवलं आणि बायकोला आत पाठवलं.

मी त्याला एकच विचारलं, बिरूची आई जिवंत आहे हे खरं का? त्यानं मुंडासं सारखं केलं. मग म्हणाला, "आमच्या लेखी मेली, सायेब."

त्याचं म्हणणं असं होतं. भाऊ गेल्यावर त्या वर्षी पाऊसही गेला. सगळं घर साताऱ्याच्या बाजूला रस्त्याच्या खडीच्या कामावर गेलं. तिथं जावळीतला एक कोंडिबा म्हणून बायको मेलेला माणूस कामाला होता. त्यानं रीतसर येऊन हौसाला पाटासाठी, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नासाठी, मागणी घातली. भावजय तरणी, घरात खायला नाही. सिदू नाही म्हणाला नाही. पण पोरगं आमच्या भावाचं. पाटाच्या बाईबरोबर पहिल्या घरचा मुलगा जात नसतो. सिदूला स्वतःला चार पोरीच. घराण्याचं नाव सांगायला हा एवढा एक. तो म्हणाला, की पोराला आईची आठवण आली की ते पळंल, म्हणून मीच ती मारून टाकली. हे बोलताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. अंगणात ती तुटक्या कानाची काळी मेंढी बांधलेली होती. तिच्याकडं बघत बोलत होता.

तिथून आठवड्याभरानं मी मेढ्याला गेलो. बाजारच्या दिवशी चौकशी केली तर फार फिरावं लागलं नाही. डोंगरातल्या बायकांत माणदेशाची बाई तिच्या बोलण्यावरून लगेच कळते. वरच्या अंगाच्या एका वाडीत आहे म्हणाले. चढ चढून गेलो. हौसा अंगणात भाताचा पेंढा रचत होती. अंगानं बारीक, कपाळाला कुंकू, पाठीशी एक लहान पोरगी आणि परकरातल्या दोन मोठ्या. मोठ्या दोघी कोंडिबाच्या आधीच्या. ओसरीवर सासू सुपात काही निवडत होती.

मी साताऱ्याहून आलोय, बिरू आमच्याकडं आहे, असं म्हटलं. पेंढा रचणारे तिचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "कोण बिरू? मला पोरगा न्हाई."

मी पुन्हा सांगितलं. आटपाडी म्हटलं, सिदूचं नाव घेतलं, काळी मेंढीसुद्धा सांगितली. तिनं पेंढीची गाठ मारली, सोडली, परत मारली. माझं तिकडं कोण न्हाई, तुमी चुकीच्या घरी आलाय, असं म्हणून ती पेंढ्याच्या पलीकडं गेली आणि पुन्हा दिसली नाही. सासूनं मला नाचणीची भाकरी विचारली. मी नको म्हणून उठलो. नोकरीत बापांनी पोरं नाकारलेली मी बघितली होती. आईनं नाकारलेलं बघायची ती माझी पहिलीच वेळ, आणि आता साताऱ्याला जाऊन त्या पोराला काय सांगायचं या विचारानं माझे पाय उताराला लागत नव्हते.

अर्ध्या वाटेत मागून कोणी तरी हाक मारली. कोंडिबा. रानातून घरी येऊन तसाच माझ्यामागं धावत आलेला, हातात कोयता. तो फार दमला होता. आम्ही दोघं एका धोंड्यावर बसलो. मग म्हणाला,

"ती खोटं बोलली, सायेब. तिनं भंडारा उचललाय."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. भंडारा म्हणजे देवाची हळद. बिरोबाचा किंवा खंडोबाचा भंडारा हातात घेऊन जे बोलायचं त्याला शपथ म्हणतात, आणि ती मोडली की ज्याच्यावर घेतली त्याचं वाटोळं होतं अशी आमच्या भागातली पक्की समजूत. पाट लागायच्या आदल्या दिवशी सिदूनं पाच माणसांत हौसाला भंडारा उचलायला लावला होता. मी पोराकडं येणार नाही, पोराला बोलावणार नाही, त्याचं नाव तोंडातून काढणार नाही. काढलं तर त्याचं वाईट होईल. तेव्हापासून तिनं ते नाव घेतलेलं नव्हतं. धाकटी झाली तेव्हा तापात बडबडली, तेव्हासुद्धा दातांखाली पदर धरून ठेवला होता, कोंडिबा म्हणाला. आज मी नाव घेतलं आणि ती पेंढ्यामागं जाऊन बिरोबाला हात जोडत बसली होती की हे माझ्या तोंडून नाही, त्या साहेबाच्या तोंडून आलं.

आम्ही देव सोडलेली माणसं. मला त्या हळदीचा असा संताप आला की तिथल्या तिथं परत वर जाऊन त्या बाईला सांगावं, बाई गं, हळदीनं कोणी मरत नाही. कोंडिबानं मला अडवलं नाही. तो एवढंच म्हणाला की सांगून बघा, पण पोरगं तिचं हाय, तुमचं न्हाई. चुकून काय झालं तर तुमी काय करणार? मी बसलो तो बसलोच. 

थोड्या वेळानं कोंडिबा आपल्याच मनाशी बोलावं तसं म्हणाला, "म्या मात्र उचलला न्हाई."

आणि पुढच्याच आठवड्यात तो साताऱ्याला आला. डोंगर उतरून, मेढ्याहून गाडीनं, खांद्यावर पिशवी. मी बिरूला बाहेर बोलावलं. हा माणूस कोण आणि आई का येत नाही हे मी त्याला आधी सांगितलं होतं. बिरू पाठमोरा उभा राहिला. कोंडिबानं पिशवीतून पोह्यांची पुरचुंडी काढून पायरीवर ठेवली आणि तिच्याशेजारी बसला.  शेवटी बिरूनं न वळता विचारलं की ती बरी हाय का. बरी हाय, कोंडिबा म्हणाला. ताप येतो का अजून? न्हाई येत. डोकं दुखतं का? कवा कवा. आई माणदेशात असताना तिला डोकेदुखी होती हे मला पोराच्या प्रश्नावरून कळलं. त्यानं पोहे खाल्ले नाहीत, पण आत जाताना पुरचुंडी उचलून घेऊन गेला.

मग कोर्टाचा दिवस आला. मॅजिस्ट्रेट बाई गावातल्या एका वकिलांच्या पत्नी. फार कमी बोलायच्या आणि पोरांना अहोजाहो करायच्या. सिदू आला होता. कोंडिबा आला होता. दोघे खडीच्या कामानंतर पहिल्यांदाच समोरासमोर. बाकाच्या दोन टोकांना बसले आणि मध्ये दोन माणसांची जागा मोकळी. मी जे पाहिलं ते सांगितलं. भंडाऱ्याचंही सांगितलं. अधीक्षकांनी माझ्याकडं जरा नाराजीनं बघितलं, कारण सरकारी खोलीत तो शब्द पहिल्यांदाच आला असावा. बाई म्हणाल्या की आई हयात असेल तर तिचा हक्क मोठा, पण ती आमच्यापुढं यायला हवी, आणि ती यायला तयार नाही. कोंडिबानं उठून सांगितलं की पोरगं द्या, मी सांभाळतो, माझ्या पोरींच्या ताटात त्याचं ताट. त्यावर सिदूची मान आणखी खाली गेली. आपलं पोरगं चाललं हे त्यानं गृहीत धरलं होतं. मीसुद्धा धरलं होतं.

बाईंनी बिरूला जवळ बोलावलं. तुम्हाला कोणाकडं राहायचंय, असं विचारलं.

बिरू म्हणाला, "तात्याकडं."

तात्या म्हणजे सिदू.  बाईंनी पुन्हा विचारलं, मग तुम्ही दोन-दोनदा पळालात कशाला?

"मेंढरं हायती माझी तिकडं. तात्या हाय. मी तिथंच ऱ्हाणार," तो म्हणाला. "मला नुसतं आईला बघायचं हाय. मेलेली का जिती, माझ्या डोळ्यानं, एवढंच."

मी सिदूकडं बघितलं. त्यानं मुंडासं काढून मांडीवर घेतलं होतं. तो उठला, परत बसला. मग बसूनच म्हणाला की मला वाटलं हा जाईल. एकदा आईला बघितली की हा परत यायचा न्हाई, म्हणून केलं मी सगळं. ह्यानं मला आधी सांगितलं असतं तर... आणि पोरगं शांतपणे म्हणालं की तुमी तर ती मेली म्हणालता.

बाईंनी निकाल दिला तो असा की पोराला चुलत्याच्या ताब्यात द्यावं, पण त्याआधी प्रोबेशन ऑफिसरनं त्याची आईशी भेट घडवून आणावी. कशी, ते त्यांनी सांगितलं नाही. शहाण्या होत्या.

ते सिदूनंच सांगितलं. ज्यानं भंडारा उचलायला लावला त्यालाच तो उतरवता येतो. त्यासाठी तो आधी गावी गेला, बिरोबाला नारळ फोडला आणि देवळातला भंडारा कागदाच्या पुडीत घेऊन परतला. दुसऱ्या दिवशी मी, सिदू आणि बिरू मेढ्याच्या गाडीत बसलो. कंडक्टर तोच. त्यानं बिरूला बघून आधी डोळे वटारले, मग माझ्या हातातली तीन तिकिटांएवढी नोट बघून हसला. गाडीच्या हिसक्यानं पुडी सांडेल म्हणून सिदूनं ती माझ्याकडं दिली. देव सोडलेल्या माणसाच्या कोटाच्या खिशात बिरोबाचा भंडारा घाट चढला. मी आयुष्यात पुष्कळ सरकारी कागद जपून नेले, पण त्या पुडीइतकं काही जपलं नसेल.

कोंडिबा मेढ्याला घ्यायला आला होता. वर वाडीत पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. हौसा दारात उभी होती. कोंडिबानं तिला सांगून ठेवलं असावं, तरी तिनं बिरूकडं बघितलं नाही. डोळे जमिनीवर ठेवून ती उभी राहिली, दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून. बिरू अंगणाच्या कडेलाच थांबला. तो मात्र बघत होता, डोळे न मिटता.

सिदूनं माझ्याकडून पुडी घेतली. पुढं गेला. धाकटा दीर तो, तिच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "वैनी, म्या तुला उचलायला लावला. माझी चूक हाय, देवाची न्हाई. ह्यो घे, म्या माघारी घेतला." चिमूटभर भंडारा त्यानं तिच्या कपाळाला लावला, चिमूटभर पोराच्या, आणि उरलेला चारी बाजूंना उधळला. वाऱ्यानं थोडा माझ्याही कोटावर आला. मी झटकला नाही.

हौसानं चौकट सोडली. पोराजवळ गेली आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं. केस आता बोटांत येण्याइतके वाढले होते. मला वाटलं ती मोठ्यानं रडेल. पण कितीतरी वर्षं रडू अडवून धरलेलं माणूस एकदम रडत नाही, असं मला त्या दिवशी कळलं. ती म्हणाली, "बिरू." मग थांबली, काही होतंय का ते बघावं तशी. काहीच झालं नाही. पोरगं समोर उभं होतं. मग म्हणाली, बिरू, पाय धू. बिरू, हितं बस. बिरू, ही तुझी बहीण. बिरू, भाकरी खातोस का, बिरू, नाचणीची हाय, तुला आवडंल का न्हाई. प्रत्येक वाक्यात ते नाव. हाकेला गरज नव्हती, पोरगं हातभर अंतरावर होतं. तरी ती घेतच राहिली. कोंडिबाची आई ओसरीवर तोंडाला पदर लावून बसली, आणि सिदू आणि मी उगाच पेंढ्याच्या गंजीकडं बघत उभे राहिलो.

आठवडाभर बिरूला तिथं ठेवायचं ठरलं. ते सिदूच म्हणाला. पण खाली उतरताना त्यानं मला तीनदा विचारलं की येईल ना त्यो? मी म्हटलं, येईल. खात्री मला तरी कुठं होती. गावी जाण्याऐवजी सिदू साताऱ्यातच राहिला. अधीक्षकांनी त्याला आमच्या व्हरांड्यात पथारी टाकू दिली. तो दिवसभर अनसूयाबाईंना लाकडं फोडून द्यायचा, आणि मेढ्याची गाडी यायची वेळ झाली की कुऱ्हाड ठेवून स्टँडवर जायचा. ठरलेला दिवस अजून लांब होता तरी जायचा. रिकामा परत यायचा, आणि कोणी विचारायच्या आत सांगायचा की आज यायचाच नव्हता.

ठरल्या दिवशी मीही त्याच्याबरोबर गेलो. गाडी लागली. माणसं उतरली, कोंबड्या उतरल्या, पोती उतरली. शेवटी बिरू उतरला, डोक्यावर तांदळाचं गाठोडं, मागं कोंडिबा. सिदू जागचा हलला नाही. पोरगं जवळ आलं तसं त्यानं हात पुढं करून गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं, त्याचं वजन अजमावलं आणि घसा साफ करून म्हणाला, "लय तांदूळ दिला की रं. चल, दहिवडीची गाडी लागली आसंल."

दोघं फलाट ओलांडून गेले. वाटेत बिरू काहीतरी सांगत होता आणि गाठोडं सांभाळत सिदू मान वाकडी करून ऐकत होता. कोंडिबा आणि मी ते गाडीत चढेपर्यंत उभे राहिलो. मग कोंडिबानं विचारलं, चहा घेणार का, साहेब? आम्ही स्टँडसमोरच्या हॉटेलात गेलो आणि एकाच बाकावर बसून चहा घेतला.